कळलावी आत्या

आमच्या आत्याने केलेली कुठलीही वस्तू पहिल्या फटक्यात उघडत नसे. डबी असो, पाकीट असो, नाहीतर कागदाचं फूल असो. आधी ओढून बघावं, मग दाबून बघावं, शेवटी वैतागून दातांत धरावं, की लांबून आत्याचा आवाज यायचा, "कडू लागलं का? खळीत कडुनिंब घातलाय. खास चावणाऱ्यांसाठी."

प्रत्येक वस्तूत तिने कुठेतरी एक कळ लपवलेली असायची. ती सापडेपर्यंत वस्तू तुमची नाही, असा तिचा कायदा होता. त्यावरून आळीतली मुलं तिला कळलावी आत्या म्हणू लागली. आमची मोठी काकूही तिला कळलावीच म्हणे, पण तिचा अर्थ वेगळा. घरात भांडणं लावणारी ती कळलावी. आत्याला त्याचं काहीच वाटत नसे. "वहिनी खरंच बोलतात," ती म्हणायची, "मी नुसती कळ लावते. काढतात त्या."

आमचं घर नाशिकला तांबट आळीच्या तोंडाशी होतं. दिवसभर हातोड्यांची ठकठक. त्या ठकठकीतून जे काही उरे, पितळेचं कातरण, तांब्याची चकती, वाकडा खिळा, ते संध्याकाळी आत्याच्या ओच्यात जमा झालेलं असायचं. घरात जुनी छत्री मोडली की तिला आनंद होई. एकदा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, धडधाकट छत्री दाराशी टेकवली, तर हिने आशाळभूतपणे विचारलं, "अण्णा, ही कधी मोडेल रे?" पावसाळ्याआधी मोडणार नाही असं त्यांनी बजावून सांगितलं. तरी ती वैशाखातच मोडली. कशी, ते कुणी विचारलं नाही.

सुट्टीत आम्ही सगळी मुलं मागच्या पडवीत तिच्याभोवती गोळा व्हायचो. ती शिकवायची म्हणजे काहीच सांगायची नाही. आपण एक कागदी बेडूक करायची, तो टुणकन उडवून दाखवायची आणि लगेच अंगाखाली घेऊन बसायची. आता करा. आम्ही केलेले बेडूक बसल्या जागी मान टाकत. रडकुंडीला आलो की ती एवढंच म्हणे, "शोधा. कळ सापडली की कळलं." रागाने आम्ही तिच्याशी कट्टी घ्यायचो आणि दुपारी पुन्हा जायचो, कारण तिच्यावाचून करमायचंच नाही. आज माझ्या नातवंडांना मी हेच म्हणते आणि तीही माझ्यावर असाच राग धरतात, याचं मला फार समाधान वाटतं.

काकांची गंमत तर आळीभर गाजली. त्यांना तपकिरीचं व्यसन. आत्याने त्यांना पितळेच्या कातरणाची सुरेख डबी करून दिली. ती उलटी धरली तरच झाकण सुटे. नेमके त्या दिवशी आमच्याकडे एक लांबचे पाहुणे आले होते आणि पेठच्या जंगलात आपण वाघ कसा लोळवला हे रंगवून सांगत होते. काकांनी डबी खालीवर केली, झाकण उडालं आणि सगळी तपकीर दोघांच्या मधोमध सांडली. काका शिंकायला लागले ते थांबेचनात. बोलता बोलता कुणी शिंकलं की बोलणं सत्य ठरतं, ही आपली रीत. पाहुणे म्हणाले, "वाघ दहा हात लांब," काका शिंकले. "मी नुसत्या काठीने मारला," काका शिंकले. आत्या दाराआडून प्रत्येक शिंकेला "सत्य, सत्य" म्हणत होती. काकू संतापली. काका मात्र दुसऱ्या दिवशी पडवीत येऊन हळूच म्हणाले, "आणखी एक कर गं. तो पुन्हा यायचाय."

कागदकामातली तिची एकच गुरुस्थानी व्यक्ती, ती म्हणजे पतंगवाले रहीमचाचा. संक्रांतीला पतंग, मोहरमला ताबूत, दिवाळीला आमच्या आळीचे आकाशकंदील, सगळं त्यांच्या हातचं. कामट्या द्यायला ते मागच्या दाराने येत आणि दोघांची तिथेच ओट्यावर शिकवणी चाले. वाकवलेल्या कामट्यांवर बेगड लावून मिटलेलं कमळ करायचं, आत एकच दोरा ठेवायचा, आणि दोरा सोडला की पाकळ्या फटाफट उमलायच्या, ही त्यांचीच विद्या. "आत्याबाई," ते म्हणायचे, "दोरा दिसला की मजा खलास." आत्याने ते वाक्य पदरात गाठ मारून ठेवलं.

एवढी खट्याळ बाई, पण अंगावर लाल अलवण आणि डोक्यावरून कायम पदर. ती लहानपणीच विधवा होऊन माहेरी परत आली होती. आळीतलं कुठलंही लग्न तिच्या रुखवताशिवाय होत नसे. कागदाची तुळशीवृंदावनं, पितळेची भातुकली, चिंध्यांचं वऱ्हाड, पिसांचे मोर, सगळं तिने करायचं. मांडवात ते मांडायला मात्र सवाष्णींनी न्यायचं. आत्याने स्वयंपाकघराच्या मागे लाडू वळत बसायचं. समोर यायचं नाही. अपशकुन होतो.

मग लग्न आटोपलं की ती मला पकडायची. "काय म्हणाले लोक?" मी सांगायची, "छान म्हणाले." त्यावर ती नाक उडवायची. "छान तर आमटीलाही म्हणतात. गप्प कोण झालं ते सांग. बघता बघता माणूस गप्प झालं की समजावं, काम जमलं." मग मी कोण गप्प झालं, किती वेळ झालं, कुणाचं तोंड उघडं राहिलं, सगळं साग्रसंगीत सांगायची. ती डोळे मिटून ऐकायची. एकदा ऐकता ऐकता सरळ म्हणाली, "मला एकदा ती तोंडं बघायचीत गं. बाकी काही नको." मी फुशारकीने म्हटलं, "माझ्या लग्नात तू पुढेच बसायचं." ती हसली आणि माझ्या वेणीला कागदाचा विंचू चिकटवून निघून गेली.

माझं लग्न ठरलं ते सिन्नरच्या घराशी. सासूबाई बोलक्या, हौशी आणि मोठ्या नथीच्या. मी अण्णांना माझं म्हणणं सांगितलं. आई माझ्या लहानपणीच गेलेली, घरात शब्द काकूचा; अण्णा तिच्याकडे बघत राहिले. काकू म्हणाली, "पोरीच्या संसाराची सुरुवात आहे. वन्सं, तुम्हीच सांगा, बरं दिसेल का?" आत्या मान खाली घालून म्हणाली, "नाही हो वहिनी. मी आपली आतच बरी." इतका गरीब सूर मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मला रडू आलं. रडता रडता शंकाही आली.

लग्नाच्या दिवशी रुखवत मांडलं गेलं. मधोमध परातीएवढं गुलाबी कमळ, घट्ट मिटलेलं. त्यावर एक चिठ्ठी. कुणीतरी मोठ्याने वाचली:

"रुखवतात ठेवलं कमळ, मिटलंय त्याचं दार,
उघडेल तीच विहीण शहाणी, बाकी सगळ्या गार."

झालं! वरपक्षाच्या बायका पुढे सरसावल्या. एकीने देठ पिळला, दुसरीने पाकळी ओढली, एका मामेसासूबाईंनी तर फुंकर मारून पाहिली. सासूबाईंनी स्वतः बांगड्या मागे सारून प्रयत्न केला. कमळ ढिम्म. इकडे मागून आमच्या बाजूच्या पोरी "गार, गार" म्हणून खिदळायला लागल्या.

सासूबाई तिथेच पाटावर बसल्या. "हे उघडल्याशिवाय मी जेवायला उठायची नाही," त्या म्हणाल्या. विहीण रुसली म्हणजे पंगत अडली. भात निवायला लागला. काकूची धावपळ सुरू झाली. ती माझ्याजवळ येऊन कुजबुजली, "तुला येतं ना गं उघडायला? जन्म गेला तुझा तिच्या पडवीत!"

कळ कुठे असणार हे मी लांबूनच ओळखलं होतं. मी मान खाली घालून म्हटलं, "नाही बाई काकू. मला नाही माहीत." मुंडावळ्यांचा एक फायदा असतो, हसू दिसत नाही.

मग काकू कमळ उचलून आत न्यायला गेली, तर ते हलेना. तशीच तरातरा स्वयंपाकघराकडे गेली. पुढचं मला नंतर कळलं. काकू म्हणाली, "वन्सं, कळ कुठाय सांगा." आत्या लाडू वळता वळता म्हणाली, "सांगून कशी कळेल वहिनी? रात्री सगळे झोपल्यावर कमळ ठेवून दोरा मांडवाच्या खांबाला बांधलाय. तिथेच जावं लागेल. पण मी कशी येणार? बरं दिसेल का?"

थोड्या वेळाने काकू मांडवात आली. तिच्या मागून, पदराला हात पुसत, आत्या. बायकांची कुजबुज सुरू झाली. आत्याने कुणाकडे पाहिलं नाही. खांबाजवळ जाऊन चटईखालचा दोरा चिमटीत धरला आणि सोडला.

फटाफट पाकळ्या उमलल्या. आत चिंध्यांची एक विहीणबाई पाटावर बसलेली, नथ हनुवटीपर्यंत आलेली, आणि लाडवासाठी तोंड आ वासून उघडलेलं. हुबेहूब सासूबाई. साखरपुड्याच्या दिवशी दाराच्या फटीतून पाहून केलेली.

सासूबाई बाहुलीकडे बघत राहिल्या. बोलक्या बाई, पण एक शब्द नाही. काकूने डोळेच मिटून घेतले. पण मला ते जुनं वाक्य आठवलं, गप्प झालं म्हणजे जमलं, आणि मी सासूबाईंच्या तोंडाकडे बघत राहिले. ते हळूहळू उघडलं, थेट त्या बाहुलीसारखं, आणि त्या खो खो हसत सुटल्या.

"अहो, उभ्या का?" त्या आत्याला म्हणाल्या. "बसा इथे. माझं तोंड इतकं मन लावून आमच्या घरच्यांनीसुद्धा कधी बघितलं नाही." आणि हाताला धरून त्यांनी तिला शेजारी पाटावर बसवली. सगळ्या बायका कमळाभोवती दाटीवाटीने वाकल्या. मी पाहत होते. आत्याने कमळाकडे एकदाही पाहिलं नाही. ती एकेका बाईचं तोंड बघत होती, अधाशासारखी.

संध्याकाळी सिन्नरला जायची मोटार दाराशी लागली. मी अण्णांच्या, काकूच्या गळ्यात पडून रडले. चुलीतला धूर डोळ्यांत गेला म्हणत काकूही रडली. मोटारीत बसले तशी आत्या गर्दीतून वाट काढत आली. आता ही डोक्यावरून हात फिरवणार म्हणून मला पुन्हा हुंदका फुटला. तिने खिडकीतून डोकं आत घातलं आणि विचारलं, "काय म्हणाले गं लोक?"

"अगं, तू तिथेच तर होतीस!"

"होते गं," आत्या म्हणाली, "पण तोंडं बघण्याच्या नादात ऐकायचं राहूनच गेलं."

ड्रायव्हर भोंगा वाजवत होता. सासरे मुहूर्त निघून चालल्याचं ओरडत होते. मी डोळे पुसले आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. आत्याने डोळे मिटून घेतले.