एकशेवीसचं मशीन

आमच्या जिन्याखालच्या खोलीत राहणाऱ्या वायरमनला सगळे टेस्टर म्हणत. चाळीस वर्षं तो लोकांच्या भिंतींत तारा ओढत आला. परदेशातून कुणी मिक्सर आणला, इस्त्री आणली, की आधी मागची पट्टी वाचायची आणि मगच हात लावायचा, हा त्याचा नेम. "पिन बसली म्हणजे वीज बसली असं नसतं," हे त्याने मलाही एकदा चारचौघांत ऐकवलं होतं.

त्या मंगळवारी दुपारी पावणेतीनला तो माझ्या दारात आला. "बाई, जरा खाली येता? चष्मा घेऊन या."

त्याच्या बायकोची फुप्फुसं तीन वर्षं झिजत चालली होती. ती सिलिंडरमधल्या ऑक्सिजनवर होती. सिलिंडरवाल्याची गाडी वाटेत बंद पडली होती. सहाच्या आत तो येत नव्हता. होता तो सिलिंडर फार तर दीड तास पुरला असता. दवाखान्यात दोनदा फोन झाला होता, पण खाट रिकामी नव्हती.

खोलीत मधोमध एक नवं मशीन ठेवलेलं होतं. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं. परदेशी असलेल्या लेकीने कुणाबरोबर तरी पाठवलेलं, सकाळीच पोचलेलं. सोबत पिन बदलायचा जोड होता. सुट्टीत आली की तिचा मोबाइल त्याच जोडावर चार्ज व्हायचा, म्हणून तिला वाटलं, सगळंच तसं चालतं.

"मागची पट्टी वाचा. मला हल्ली अक्षरं दोन-दोन दिसतात. बोलू नका कुठे, कामं जातील."

मी वाचलं. एकशेवीस व्होल्ट, साठ हर्ट्झ, साडेतीनशे वॉट.

"नीट बघा. शंभर ते दोनशेचाळीस असं असेल कुठेतरी. चार्जरवर असतं."

मी जमिनीवर बसून पुन्हा वाचलं. पदराने पट्टी पुसून तिसऱ्यांदा वाचलं. एकशेवीसच. आपल्या भिंतीत दोनशेतीस.

"लावा हो सरळ," खाटेवरून त्याची बायको म्हणाली. एकेका शब्दाला ती थांबत होती. "जन्मभर पट्ट्याच वाचल्यात."

"सरळ लावलं तर धूर निघेल, मग तेवढंही उरणार नाही. तू बोलू नकोस, दम लागतो."

त्याने खाटेखालून व्होल्टेज उतरवणारा जुना ट्रान्सफॉर्मर ओढला. तीनशे वॉटचा. मोठा मिळेल का म्हणून तीन दुकानांत विचारून झालं होतं. "मशीनच्या भुकेपेक्षा हा मोठा हवा, आणि हा लहान आहे. तापणार. दुसऱ्या कुणाच्या घरी मी हे होऊ दिलं नसतं."

सिलिंडरपासून लांब, उंबऱ्याबाहेर विटेवर त्याने तो ठेवला. मशीन घुमू लागलं, पण मंद. ते साठ हर्ट्झचं, आपल्याकडे पन्नासच. पंधरा मिनिटं मशीन, मग ट्रान्सफॉर्मर निवेपर्यंत सिलिंडर, असं सुरू झालं. मी तिच्या बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवरचा आकडा वाचायची. तो तळहात ट्रान्सफॉर्मरवर टेकून बसायचा.

"किती?"

"शहाऐंशी."

"आता?"

"चौऱ्याऐंशी."

सव्वापाचला सिलिंडर संपला. आता ट्रान्सफॉर्मरला विसावा द्यायचा तर तिचा श्वास थांबवायचा. अर्ध्या तासाच्या वर मशीन सलग चाललं. व्हार्निश जळल्यासारखा वास येऊ लागला. तिचे ओठ काळेनिळे पडले होते.

"बंद करू का, बाई?" त्याने विचारलं.

मी पुन्हा आकडा वाचला. तो पुठ्ठ्याने वारा घालत राहिला आणि मधूनमधून हात टेकवून पाहत राहिला. शेवटी शेवटी हात टेकवत नव्हता.

सहाला सात मिनिटं असताना सिलिंडर आला. नळी जोडली गेल्यावर त्याने प्लग उपटला आणि तिथेच भिंतीला टेकला. तळहात लालभडक झाला होता.

आकडा नव्वदीला टेकतो न टेकतो तोच लेकीचा फोन आला. त्याने स्पीकर लावला.

"बाबा, मशीन लागलं ना? चालतंय का?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी पट्टीकडे पाहत होते.

"चालतंय की. आई दुपारभर त्याच्यावरच होती. चांगलं पाठवलंस."

बायकोने हात पुढे करून फोन मागितला. "तुझ्या बापाला," ती सावकाश म्हणाली, "इतकं आवडलंय, की त्याच्यापासून हलायलाच तयार नाही."

पलीकडे लेक हसली. दुपारपासून त्या खोलीत तेवढाच हसण्याचा आवाज झाला.