जनरलकाकांचे व्याही

जनरलकाकांच्या घरी पहिल्यांदा गेलेल्या माणसाला पाण्याच्या आधी प्रश्न मिळायचा. "मेजर-जनरल मोठा की लेफ्टनंट-जनरल?" लग्न होऊन मी लंडनच्या विमानतळाजवळ हाउन्सलोला आले, त्याच आठवड्यात नवऱ्याने मला त्यांच्याकडे नेलं. अंगावर नवीकोरी साडी, तिच्यावर नवऱ्याचा ढगळ कोट आणि समोर हा प्रश्न. मेजर लेफ्टनंटपेक्षा मोठा एवढं मला सिनेमे बघून ठाऊक होतं, म्हणून मी "मेजर" म्हटलं. काका मांडीवर थाप मारून हसले. "चुकलीस! सगळेच चुकतात!" आतून काकूंचा आवाज आला, "अहो, तिला आधी बसू तरी द्या!"

मग व्याख्यान. जुन्या युरोपात सगळ्या फौजेचा मुख्य तो कॅप्टन-जनरल. त्याचा दुय्यम तो लेफ्टनंट-जनरल. आणि तिसरा, फौजेच्या रांगा लावून घेणारा, तो सार्जंट-मेजर-जनरल. पुढे त्यातला 'सार्जंट' गळून पडला आणि मेजर-जनरल तेवढा उरला. "नाव भारदस्त झालं, माणूस आपला तिसराच राहिला," काका म्हणाले. मी समजल्यासारखी मान डोलावली. बसने घरी पोचेपर्यंत डोक्यात तिघांची अदलाबदल झाली होती, आणि खरं सांगायचं तर ती आजतागायत निस्तरलेली नाही.

काका स्वतः कधी कवायतीलासुद्धा उभे राहिलेले नव्हते. ते हॉस्पिटलात म्हाताऱ्यांच्या वॉर्डात डॉक्टर होते. तिथे लढाया करून आलेले आजोबा यायचे. "स्वतःच्या बायकोला न ओळखणारा माणूस हुद्दा बरोबर सांगतो बघ," असं काका म्हणायचे. कुणाला कर्नल म्हणायचं, कुणाला सार्जंट, हे नीट पाळलं की म्हातारा गोळी मुकाट्याने घेतो, हा त्यांचा अनुभव. त्यातून हा नाद लागला आणि वाढत वाढत पार फ्रान्स-जर्मनीपर्यंत पोचला.

आमटीचा डाव हातात आला की त्यांना आवरणं कठीण. मार्शल म्हणजे मुळात घोड्यांचा मोतद्दार, हे त्यांनी मला निदान दहा वेळा सांगितलं असेल. फ्रान्सात ब्रिगेड चालवणारा जनरल असतो, पण तिथल्याच घोडदळात नुसतं 'ब्रिगेडियर' म्हटलं तर तो साधा नाईक! "आणि इथे इंग्लंडात काय केलं यांनी? पहिल्या महायुद्धात ब्रिगेडियर-जनरल होता. युद्ध संपलं, आणि थोड्याच वर्षांत त्याचं 'जनरल' काढून घेतलं. ब्रिगेड तीच, काम तेच. शब्द गेला." एवढं बोलून ते डाव आमटीत सोडायचे. काकू विषय बदलून मला भात वाढायच्या. मला वाटायचं, त्या कंटाळल्या असतील.

तसं नव्हतं. काका 'असोसिएट स्पेशालिस्ट' होते. म्हणजे कन्सल्टंटचं सगळं काम करायचं, पण कन्सल्टंट म्हणवून घ्यायचं नाही. मुलाखती त्यांनी पुष्कळ दिल्या. दर वेळी खुर्ची दुसऱ्याला गेली, आणि कित्येकदा काकांनीच शिकवलेल्या पोराला. पण याबाबतीत माणूस कमालीचा कडक. एकदा गणपतीत मंडळाच्या सेक्रेटरींनी माइकवरून त्यांना "सुप्रसिद्ध कन्सल्टंट" म्हटलं. काका भर सभेत उठून उभे राहिले. "कन्सल्टंट नाही. एक पायरी खाली. दुरुस्त करा." बिचाऱ्या सेक्रेटरींनी सगळं पुन्हा म्हटलं, मगच काका बसले.

म्हणून मीनलच्या लग्नात जे झालं त्याने माझी मतीच गुंग झाली. मीनल ही काकांची एकुलती एक लेक, इथेच वाढलेली, मराठी मोडकंतोडकं बोलणारी. तिने केंब्रिजला शिकताना अँड्र्यू शोधला, आणि अँड्र्यूचे वडील निघाले निवृत्त ब्रिगेडियर! काकांना आभाळ ठेंगणं झालं. पण मीनलने माझ्यादेखत त्यांना बजावलं होतं. तिच्या सासऱ्यांची मेजर-जनरलची बढती अगदी हातातोंडाशी येऊन हुकली होती. त्यांच्या घरात तो विषयसुद्धा कुणी काढत नसे. "बाबा, प्लीज, हा टॉपिक काढू नका. ही इज व्हेरी सेन्सिटिव्ह."

शाळेचा हॉल भाड्याने घेतला होता. डोक्यावरून विमान गेलं की भटजी मंगलाष्टक थांबवायचे. अक्षता पडल्या, व्याहीभेटीची वेळ झाली. फेटा बांधलेले, ताठ उभे ब्रिगेडियर छान दिसत होते. काकांनी माइक घेतला, त्यांना कवेत घेतलं आणि भरल्या आवाजात सांगितलं, "आमचे व्याही, जनरलसाहेब!"

टाळ्या कडाडल्या. ब्रिगेडियरांचा चेहरा लालबुंद झाला. "ब्रिगेडियर," ते हळू पण स्पष्ट म्हणाले. "आय वॉज नेव्हर अ जनरल, डॉक्टर." त्यांनी फेटा काढून खुर्चीवर ठेवला आणि जेवणाआधीच ते निघून गेले. स्वयंपाकघरात मीनल रडत होती. "बाबा, तुम्ही असा का केली? मी सांगितला होता ना! यू, ऑफ ऑल पीपल!"

मीही विचारलं, का केलंत? काका म्हणाले, "अगं, व्याह्याला मान द्यायचा असतो. आपल्याकडे हवालदाराला जमादारसाहेब म्हणतातच ना?" पुढे एकदा विचारलं तर म्हणाले, जुन्या पद्धतीने ते बरोबरच होतं. त्यांनी माफी मागायला फोन केले. ब्रिगेडियर फोनवर आले नाहीत. दोन्ही आजोबांना एकत्र बोलावायची सोय उरली नाही, म्हणून नातवाचा वाढदिवस दर वर्षी दोनदा व्हायचा. दोन केक कापून मीनल दमून जायची. मला दोघांचाही राग यायचा.

काका एका जानेवारीत गेले. स्मशानात आम्ही मोजकी माणसं होतो. मागच्या रांगेत ब्रिगेडियर एकटेच येऊन उभे राहिले होते. तिथल्या माणसाने कार्यक्रमाआधी येऊन विचारलं, "डॉक्टरांचा उल्लेख कसा करायचा? त्यांचं पद काय होतं?" मीनल सांगणार तेवढ्यात मागून ब्रिगेडियरांचा आवाज आला, "कन्सल्टंट. ही वॉज अ कन्सल्टंट फिजिशियन."

मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. आता कुणी तरी उठून दुरुस्त करील असं मला वाटलं, पण उठून दुरुस्त करणारा माणूस आमच्यात उरला नव्हता. त्या माणसाने ते तसंच वाचलं.

बाहेर आल्यावर मी मीनलला बाजूला घेतलं. म्हटलं, "अगं, त्यांचा काही तरी घोटाळा झालाय. त्यांना खरं माहीत नसेल."

"नाही ताई," मीनल म्हणाली. "त्यांना मी लग्नाच्या आधीच सांगितला होता."