लॅपटॉपवरची ढोलकी

"मॅडम, ढोलकी मागं राहिली," सुदामराव म्हणाले.

मलाही ते ऐकू आलं होतं. गाणं पुढे गेलं होतं आणि ढोलकी शेवटची एसटी चुकलेल्या माणसासारखी मागून पळत होती.

नव्वदच्या दशकाची अखेर. नगरला सावेडीतल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात मी हार्डवेअर इंजिनिअर होते. सुदामराव साळवे जामखेडकडचे. त्यांची भीमगीतांची गायनपार्टी होती. गाणी स्वतःच रेकॉर्ड करून कॅसेट काढायची, असं त्यांनी ठरवलं होतं. पार्टी गावोगाव फिरते म्हणून त्यांना लॅपटॉप हवा होता.

त्यामागे आणखी एक कारण होतं. पार्टीची ढोलकी सुदामरावांची बहीण सुमनताई वाजवायच्या. पुण्याच्या स्टुडिओत मात्र दर वेळी स्टुडिओचाच ढोलकीवाला बसायचा. "बाईमानसाची ढोलकी कॅसेटवर न्हाई चालत म्हने," सुमनताईंनी मला चहा पिताना सांगितलं होतं.

आमच्या दुकानात एकच लॅपटॉप होता. बरेच दिवस काचेच्या कपाटात पडून होता. दुकानाचे मालक, म्हणजे आमचे साहेब, यांना तो खपवायचाच होता. डेमोच्या दिवशी मी सकाळीच तो तपासून त्यांना सांगितलं, "सर, RAM कमी आहे, हार्ड डिस्क स्लो आहे. याच्यावर म्युझिकचं सॉफ्टवेअर धड चालणार नाही."

"गिऱ्हाइकाला आकडे कळत नाहीत," साहेब म्हणाले. "तू फक्त डेमो दे."

मग मी सुदामरावांना फोनवर निरोप दिला, की डेमोला अख्खी पार्टी घेऊन या.

ते दुपारी जीप भरून आले. आधी पेटी रेकॉर्ड केली, मग सुदामरावांचा आवाज, मग कोरस. प्रत्येकाचं रेकॉर्डिंग वेगळं, त्याला ट्रॅक म्हणतात. चौथा ट्रॅक घेताना मशीनला आधीचे तीन वाजवायचे असतात आणि नवा लिहून घ्यायचा असतो, दोन्ही एकदम. स्लो डिस्क म्हणजे एकच दार असलेली एसटी. उतरणारे आणि चढणारे तिथंच अडकतात. मशीन इतकं बारीक अडखळायचं, की हेडफोनमध्ये कळायचं नाही. नवा ट्रॅक मात्र हळूहळू सरकत जायचा. चौथा ट्रॅक सुमनताईंचा होता.

"मशीन ठीक आहे," साहेब म्हणाले. "बाईंचा ताल हलतोय."

सुमनताईंनी ढोलकी मांडीवरून खाली ठेवली. सुदामरावांचा चेहरा उतरला. पुण्याचंच नगरात पुन्हा घडत होतं.

मी अगदी साधेपणानं म्हटलं, "सर, तुम्ही भजनी मंडळात टाळ वाजवता ना? ढोलकीच्या जागी तुम्हीच टाळ्या द्या. म्हणजे यांची खात्री पटेल."

साहेबांना टाळाचा अभिमान होता. त्यांनी हेडफोन चढवला आणि डोळे मिटून मन लावून टाळ्या वाजवल्या. ठेका एकदाही हलला नाही, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं.

मग मी रेकॉर्डिंग वाजवलं. धृपदापर्यंत टाळ्या बरोबर होत्या. नंतर त्या रेंगाळायला लागल्या. गाणं संपलं, पेटी थांबली, तरी साहेबांच्या दोन टाळ्या शिल्लक होत्या.

दुकानात कोणी हसलं नाही. कोरसवाल्यांनी फक्त खाली पाहिलं.

"सायबांचा बी ताल हलतोय का?" सुमनताईंनी विचारलं.

साहेबांकडे दोनच उत्तरं होती. त्यांनी स्वतःला वाचवलं. "मशीन हलतंय," ते म्हणाले.

"मग ह्ये न्हाई घेत," सुदामराव म्हणाले.

मी त्यांना डेस्कटॉप सुचवला: जास्त RAM, वेगवान डिस्क, चांगलं साउंड कार्ड. "पण तो गावोगाव नेता येणार नाही."

"त्याला कशाला फिरवायचं? मानसं फिरतीच हायेत," ते म्हणाले. "घरी बसवू. लाइट आली की वाजवू."

जीप गेल्यावर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "तुला हे होणार हे माहीत होतं."

"हो सर. सकाळी सांगितलं होतं."

"टाळ्यांचं नव्हतं सांगितलं."

"आकडे कळत नाहीत, म्हणालात. म्हणून ऐकवलं."

साहेबांनी डेस्कटॉपची ऑर्डर लावायला सांगितली.

कॅसेट निघाली. वेष्टनावर ढोलकीपुढे सुमनताईंचं नाव होतं. लॅपटॉप पुढे एका बिल्डरने घेतला. तो त्यावर पत्ते खेळायचा. एका वेळी एकच डाव, त्यामुळे तक्रार कधी आली नाही.

मशीन चालतं का, हे कुणालाही विचारू नये. सगळे 'चालतं' म्हणतात, आणि खोटंही बोलत नाहीत. काय काय एकदम चालतं, ते विचारावं.