भिंतीवर न उमटलेली उडी

भिजवलेल्या चुन्याचा वास आला की मला रिसोडच्या त्या शाळेची भिंत आठवते. क्रीडा वसतिगृहासाठी एकच पोरगी निवडायची होती. चुन्यात बोटं बुडवायची, जागच्या जागी उडी मारून भिंतीवर ठसा उमटवायचा, आणि उभ्यानं हात पोचतो तिथपासून ठशापर्यंत सर टेपानं मोजायचे. माझी भाची शेवटी होती. ऊन असं, की तिच्या बोटांवरचा चुना वाळूनच गेला! ठसा उमटला नाही, अन् खाली येताना पाय मुरगळला. आता दुसरी उडी कुठली? "तुहा ठसा काय कावळ्यानं नेला का वं?" एकीनं टोमणा मारला. सर हळहळले, "पण मोजू कसं, बाई?" भाची म्हणाली, "आत्या, तू साऱ्याइच्या उड्या मोबाइलवर घेतल्या न? आण इकडं." तिनं व्हिडिओ सावकाश चालवला आणि बसल्या जागी मातीत काडीनं गणित मांडलं. काय डोकं म्हणावं पोरीचं! "सर, पाय सुटल्यापासून टेकेपर्यंत पॉइंट सहा सेकंद. अर्धा वेळ वर जायाले, अर्धा खाली याले. पॉइंट तीनचा वर्ग करा, जमिनीच्या ओढीसाठी पाचनं गुणा. पंचेचाळीस सेंटिमीटर झाली." सरांनी लगेच मान नाही डोलावली. दुसऱ्या पोरीची उडी त्यांनी तशीच काढून पाहिली. ती भिंतीवरच्या मापाशी जुळली. तेव्हा म्हणाले, "साऱ्यात उंच उडी तुहीच हाय. तूच जाशील." तशी ती आनंदानं दुखऱ्या पायानंच उडी मारायला निघाली, मी खांदे दाबून तिला खाली बसवलं. आज ती दूरगावी असते, पण तिच्या खांद्यांची ती उसळी माझ्या तळहातांना अजून कळते.