साडेचारशे पंखे गायब!

आता काय सांगू तुम्हाला, बेचाळिसाव्या वर्षीही बाई हरवू शकते. तीही मोजता मोजता!

मुलगी मोठी झाल्यावर मी इथे दुबईत हिशेबनीसाच्या दोन वर्षांच्या डिग्रीला प्रवेश घेतला. शेवटी राहिली इंटर्नशिप. ती बुडाली की डिग्री बुडाली! काम पंख्यांच्या कंपनीत, जबल अली या कारखान्यांच्या भागातल्या गोदामात माल मोजायचं.

पहिल्या दिवशी पहाटे घराजवळ, अल कुसैसच्या स्टॉपवर मुलगी सोडायला आली. केजीच्या पहिल्या दिवशी मी तिच्या फ्रॉकला बसनंबराची चिठ्ठी टाचली होती. आता तीच मला विचारते, "आई, डोन्ट पॅनिक. बस नंबर लक्षात आहे ना?"

"अगं, मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

पांढरी बस आली. "जबल अली?"

"हां मॅडम, यल्ला, चलो!"

नंबर न बघताच चढले. सगळ्याच कंपन्यांच्या बस पांढऱ्या आणि निम्म्या तरी जबल अलीला जातात, हे मला कोण सांगणार? गोदामावरची पाटी? ती वाचायला वेळ कुणाला होता!

स्टोअरकीपर थॉमसचाचा, केरळचे. "कॉलेज से? हेड ऑफिस ने भेजा होगा," म्हणत त्यांनी चहा पाजला. मी पर्समधून कंपनीने पाठवलेली यादी काढली. यादीत साडेचारशे पंखे. रॅकवर टिश्यूचे खोके! वर टिश्यू, खाली टिश्यू!

पहिल्याच दिवशी चोरी पकडली की हो मी! तरी खोके दोनदा मोजले. एक हजार दोनशे सोळा.

चाचांना कोपऱ्यात गाठलं. "चाचा, साढ़े चार सौ पंखे गायब हैं!"

"पंखे? बेटी, यहाँ बारा साल से टिश्यू ही है."

"वही तो! बारा साल से!"

त्यांनी यादी घेतली, वरचं कंपनीचं नाव वाचलं आणि खोक्यावरचं त्यांच्या कंपनीचं वेगळंच नाव हळूच मला दाखवलं. मी रडायलाच लागले. "मेरी डिग्री खलास, चाचा!"

बिचारे हसले नाहीत. एक खोका फोडून त्यांनी टिश्यू पुढे केला. म्हणजे एक हजार दोनशे पंधरा.

मग त्यांनीच माझ्या कंपनीला फोन लावला. "आपकी मैडम इधर है. गिनती एकदम सही. सिर्फ गोदाम हमारा है. कल से आने दो ना."

ऐकलं हो माझ्या कंपनीने! चाचांचे उपकार मी विसरणार नाही.

घरी मुलगी हसून हसून लोळली. दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र तिने माझ्या ओढणीला सेफ्टी पिनने चिठ्ठी टाचली. बसनंबर! कुक्कुल्या बाळाचा विषय मी काढलाच नाही.

पांढरी बस आली. मी ड्रायव्हरसमोर ओढणी धरली.

"भैया, पढ़के बताओ, मैं इसी बस की हूँ ना?"