काचेवरचे तुकडे

सुई टोचली की माणूस बोलायला लागतो. त्यामुळे महाडच्या आमच्या छोट्या लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांपेक्षा किस्सेच जास्त जमतात. संध्याकाळी घरी जाऊन मी ते बायकोला, सुजाताला सांगायचो. ती गेल्यापासून कुणाला सांगितले नाहीत. आज तुम्ही बसलाच आहात, तर सांगतो.

कुडपणच्या एक आजी आल्या होत्या. तीन नळ्या भरल्या. आजी नळ्यांकडे बघत म्हणाल्या, "एवढा रगत नेलास, आता चाय तरी पाज रे!"

पाजला. तेव्हापासून उपाशीपोटी करायच्या तपासणीलाही त्या आधी चहाच मागतात.

आमच्या डॉक्टरसरांचा एक नियम. मशीननं काढलेल्या प्लेटलेटच्या आलेखाची शेपटी खाली न टेकता वर राहिली, तर रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचाच. तांबड्या पेशी फुटल्या की त्यांचे तुकडे प्लेटलेटएवढे होतात, आणि मशीन त्यांनाही प्लेटलेट म्हणून मोजतं. रक्त गोठवणाऱ्या खऱ्या प्लेटलेट घसरलेल्या असल्या तरी आकडा नॉर्मल!

"मशीन आकार बघतं, चेहरा नाही," सर म्हणायचे.

सलीमभाई बिरवाडी-पोलादपूरहून मोटारसायकलवर सॅम्पल आणतात. त्यांनी एकदा विचारलं, हे तुकडे मग जातात कुठे? सरांनी चहा बाजूला ठेवून समजावलं. रक्तवाहिनीला आतून पेशींचं अस्तर असतं. त्या पेशी वाहत जाणारा तुकडा धरतात, आत ओढतात आणि पचवून टाकतात. निरोगी माणसाला पत्ताही लागत नाही.

"म्हणजे पूर ओसरल्यावरची आमची गल्ली," सलीमभाई म्हणाले. "ज्याच्या दारात गाळ, त्यानं उपसायचा. पण सर, गाळ फारच आला तर?"

"मग तो काचेवर दिसतो. म्हणून काच बघायची."

बिरवाडीत खोली घेऊन राहणाऱ्या एका कामगाराच्या रक्तात तो गाळ मला दिसला. आकडे ठीक, पण काचेवर हेल्मेटसारख्या फुटक्या पेशी. सरांनी त्याला त्याच दिवशी मुंबईला धाडलं. काही आठवड्यांनी तो स्वतः पेढे घेऊन आला. हा किस्सा सुजातानं माझ्याकडून चारदा तरी ऐकला. वरंधला माहेरी गेली की माझ्यापेक्षा रंगवून तीच सांगायची.

मग एका सोमवारी तीच लॅबमध्ये आली. थकवा होता, दंडावर निळे डाग. मी रक्त घेतलं. प्लेटलेटचा आकडा ठीक. हिमोग्लोबिन थोडं कमी. बायकांचं असतंच, म्हटलं. शेपटी वर होती. पण सर गावाला गेलेले, बाहेर रांग. घरचंच तर सॅम्पल, उद्या बघू.

रिपोर्ट तिच्या हातात दिला. तिनं तो वाचलाही नाही.

"काचेवर बघितलंत ना?"

"बघितलं," मी म्हणालो.

तो उद्या राहूनच गेला. शुक्रवारी ती स्वयंपाकघरात कोसळली. मुंबईला पोचेपर्यंत उशीर झाला होता.

बाराव्याला सलीमभाई आले. माझ्याशेजारी बसले. मग सांगू लागले. बुधवारी ते सुजाताला बाजारात भेटले होते. डाग वाढलेले दिसले, म्हणून म्हणाले होते, भावाची गाडी आणतो, आत्ताच मुंबईला जाऊ.

"वहिनी हसल्या. म्हणाल्या, 'कशाला, भाई? ह्यांनी स्वतः काचेवर बघितलंय.'"

सलीमभाईंनी माझा हात हातात घेतला. "तुम्ही बघितलंत. याहून जास्त माणूस काय करणार?"

मी होकारार्थी मान हलवली.