सासऱ्यांचा तेलकट हात

थांबराव हे त्याचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. गिऱ्हाइकानं गॅरेजात पाऊल टाकून "झालं का?" विचारलं की आतून एकच शब्द येई, "थांबा." मोटरसायकलचं इंजिन रंगवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, पण रंगाचा डबा उघडायची घाई म्हणून त्याला नसे.

हे शहाणपण लग्नाआधी सुचलं असतं तर बरं झालं असतं. लग्न ठरलं तेव्हा छाप पाडायला म्हणून त्यानं सासऱ्यांचं लोखंडी फाटक रंगवून दिलं, तेही गंजावरूनच. वर्षाच्या आत फाटकानं कात टाकली. तेव्हापासून सासरे येईल त्या पाहुण्याला फाटकापाशी उभं करत, नखानं एक पापुद्रा सोलत आणि म्हणत, "आमच्या जावईबापूंची कला!" लेक म्हणे, "बाबा, खरवडून टाका ना ते." पण एवढी हक्काची करमणूक कोण खरवडतो?

शेवटी लेकीनंच हट्ट धरून बापाची जुनी मोटरसायकल नवऱ्याकडे आणवली. सासरे जाता जाता म्हणाले, "बघू, इंजिन किती दिवसांत सोलतं ते." थांबरावाला ही एकच संधी होती, आणि ती हुकली तर म्हातारपणीही तो फाटकवाला जावईच राहणार होता.

त्यानं इंजिन उतरवून रॉकेलनं घासलं, साबणाच्या पाण्यानं धुतलं, कानाकोपऱ्यात हवा मारून सुकवलं. आत थेंब जाऊ नये म्हणून सगळी भोकं बुचं घालून बंद केली. जिथे दोन भाग एकमेकांवर बसतात तिथे टेप लावली. मग पॉलिश पेपरनं सगळा धातू निस्तेज केला, कारण गुळगुळीत अंगावर रंग धरत नाही. सिलिंडरच्या पात्यांमध्ये बोट जात नाही, तिथे दात घासायचा जुना ब्रश फिरला. सगळ्यात शेवटी थिनरनं पुसणं. त्यानंतर त्या इंजिनाला उघड्या हातानं शिवायची बंदी होती, बायकोलासुद्धा.

नेमके तेव्हाच सासरे आले. गुडघे दुखतात म्हणून ते दिवसभर तेल चोळत, आणि हात पुसायचा त्यांना भारी कंटाळा. "वा! चांदीचं केलंत की!" म्हणून त्यांनी इंजिनावर घोड्याच्या पाठीवर मारावी तशी थाप मारली. वर हात फिरवला.

चहा घेऊन आलेली बायको जागीच थबकली. "पुसा ना," ती कुजबुजली.

"त्यांच्या देखत? त्यांचा विटाळ झाला म्हणून पुसलं असं वाटेल त्यांना. गेले की पुसतो."

पण सासऱ्यांनी स्टूल ओढून बसकण मारली. "हं, मारा रंग. आज बघूनच जातो."

आयुष्यात पहिल्यांदाच थांबराव 'थांबा' म्हणाला नाही. त्यानं रंग फवारायची गन उचलली. उष्णता सोसणारा काळा रंग सगळीकडे छान बसला, फक्त थापेच्या जागी बसेना. तिथे तो मागे सरकला आणि खाली धातूचे ठिपके उघडे पडले.

"झालं सुरू!" सासरे मांडीवर थाप मारून म्हणाले. "वाळायच्या आधीच?"

"बाबा, तुमचा हात..." लेकीनं तोंड उघडलं.

"माझंच राहिलं नीट पुसायचं," थांबराव घाईघाईनं म्हणाला.

सासऱ्यांनी आपला पंजा हुंगला. मग तो त्या ठिपक्यांवर अधांतरी धरून पाहिला. बोटं बरोबर जुळली.

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्हाला कसं बोलणार, मामा?"

"अहो, सगळ्या जगाला थांबवता! माझ्यापुढेच जीभ टाळूला चिकटली?" त्यांनी थिनरचा बोळा ओढून घेतला. "सांगा, कुठवर पुसायचं?"

"सगळंच."

"सगळं?" ते कण्हले.

"आधी हात धुवा, बाबा. साबणानं," लेक म्हणाली.

हातमोजे घालून सासरे-जावई समोरासमोर बसले. "इथे राहिलंय," जावई म्हणे. "कुठे?" "पात्यांच्या बुडाशी. नाही, अजून आहे." सासरे कुरकुरत आणि पुन्हा पुसत. जावयाचा आवाज हळूहळू मोकळा होत गेला, आणि एकदा तर त्यानं चक्क त्यांच्या हातातला बोळा काढून घेऊन दुसरा दिला.

या वेळी रंग नीट बसला, भट्टीत पक्का भाजला, पुढे पेट्रोल सांडूनही उठला नाही. सासरे आता पाहुण्यांना मोटरसायकलपाशी नेतात. रंगाचं कौतुक मात्र त्यांच्या तोंडून अजून कुणी ऐकलेलं नाही. "या माणसानं मला दुपारभर राबवलं," ते सांगतात, "आणि चहासुद्धा गार होऊ दिला!" हे सांगताना त्यांची मान इतकी ताठ असते, की पाहुण्याला रंगाबद्दल वेगळं विचारावंच लागत नाही.